घरच्या गॅरेजात गाडीची लिफ्ट: आधी फरशीखाली काय आहे ते बघा

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी लिफ्ट बसवायचं ठरलं, तेव्हा मी तीन आठवडे नुसते कॅटलॉग चाळले. दोन खांबांची, चार टनी, निळ्या रंगाची एक मनात भरली होती. आगाऊ रक्कम द्यायच्या आदल्या दिवशी ओळखीचा गवंडी दुसऱ्याच कामाला घरी आला. त्याला सहज जागा दाखवली. त्यानं पोर्चमधल्या फरशीवर पहारीचं बूड दोन-तीनदा आपटलं आणि म्हणाला, "मालक, हितं पोकळ वाजतंय. खाली हौद हाय की."

हौद आमचाच. बारा वर्षं त्यातलं पाणी वापरतोय, पण तो पोर्चखाली कुठवर गेलाय हे डोक्यातून पार निघून गेलं होतं. लिफ्टचा उजवा खांब बरोबर हौदाच्या झाकणावर येणार होता.

म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवलाय. आधी जमीन, मग छत, आणि यंत्र त्यानंतर. घरी लिफ्ट घ्यायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी हाच क्रम सांगतो आणि बहुतेकांना तो आवडत नाही, कारण कॅटलॉग बघण्यात जी मजा आहे ती फरशी फोडण्यात नाही.

लिफ्ट हवीच का?

वर्षातून दोनदा तेल बदलायचं आणि एकदा टायर अदलाबदल करायचे, एवढंच काम असेल तर लिफ्ट घेऊ नका. चांगला ट्रॉली जॅक आणि स्टँडच्या दोन जोड्या पुरतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीच शिरायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवायला स्टँड लागतं. ब्रेक, सस्पेन्शन, सायलेन्सर, खालचा गंज अशी कामं स्वतः करायची हौस असेल, घरात दोन-तीन गाड्या असतील किंवा कंबर आता जमिनीवर लोळू देत नसेल, तर पुढे वाचा.

खड्डा का नको, हेही बरेच जण विचारतात. आपल्याकडे जुन्या गॅरेजांत खड्डाच असायचा. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खड्ड्यात साचते आणि एका ठिणगीचं निमित्त पुरतं. शिवाय काळ्या मातीत खणलेल्या खड्ड्यात पावसाळ्यात पाणी झिरपतं. घरात लहान मुलं असतील तर हा विषय तिथेच संपवा.

पायाखालची जमीन

सोलापुरातल्या बंगल्यांच्या पोर्चमध्ये बहुधा शहाबादी फरशी किंवा चेकर्ड टाइल असते. तिच्याखाली मसाल्याचा थर, त्याखाली तीन-चार इंचांचं पातळ पीसीसी, म्हणजे सळईविना साधं काँक्रीट, मग दगडांचं सोलिंग किंवा मुरूम आणि त्याच्याही खाली काळी माती. पीसीसी अनेकदा १:४:८ प्रमाणाचं (सिमेंट, वाळू, खडी), म्हणजे सिमेंट जेमतेम. गाडी उभी करायला ते पुरतं. पण लिफ्टचा बोल्ट त्यात धरत नाही, आणि फरशीत किंवा टाइलमध्ये तर मुळीच नाही.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. कंपाउंडच्या भिंतींना तिरक्या चिरा गेलेल्या इथे पावलोपावली दिसतात, त्या याच मातीमुळे. लिफ्टचे दोन खांब अशा जमिनीवर वेगवेगळे खचले, तर ओळंब्यात बसवलेलं यंत्र दोन पावसाळ्यांत तिरकं होतं.

तेव्हा पहिलं काम असं करा. जिथे लिफ्ट येणार तिथे रोटरी हॅमरनं बारा मिलिमीटरचं एक भोक आरपार पाडा. तारेचं टोक काटकोनात वाकवून भोकात घाला आणि काँक्रीटच्या खालच्या कडेला अडकवून वर ओढा. फरशीच्या पातळीवर तारेला खूण करा. त्यातून फरशी आणि मसाला वजा केला की काँक्रीटची खरी जाडी हातात येते. आमच्याकडे ती तीन इंच भरली, तीही एका कोपऱ्यात. भोक पाडण्याआधी हौद, सेप्टिक टँक, ड्रेनेजचा पाइप आणि मीटरकडून आलेली केबल कुठून जाते हे घराच्या नकाशावर शोधा. आपल्या नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे घराघरात मोठा हौद असतो आणि तो असतोही बहुधा पोर्चखालीच. हौदाच्या स्लॅबवर खांबाची लिफ्ट कोणत्याही सबबीवर बसवू नका.

दोन खांबांच्या लिफ्टला जमीन इतकी मजबूत का लागते, तेही समजून घ्या. तिचे हात आतल्या बाजूला पुढे आलेले असतात आणि गाडी त्या हातांवर असते. म्हणजे प्रत्येक खांबाला आत झुकवणारा जोर सतत लागलेला असतो आणि बाहेरच्या बाजूचे बोल्ट वर उपटले जायला बघतात. चार खांबांच्या किंवा कात्रीसारखी उघडत वर जाणाऱ्या कात्री लिफ्टमध्ये वजन सरळ खाली जातं, त्यामुळे जमिनीकडून अपेक्षा कमी. दोन खांबांच्या लिफ्टचे उत्पादक कमीत कमी चार इंच चांगलं काँक्रीट मागतात. काळ्या मातीवर मी सहा इंचांखाली जाणार नाही.

नवा पाया घालायचा झाला तर फरशी कापून काळी माती मुरूम लागेपर्यंत काढावी. मुरूम फार खोल असेल तर किती खोल जायचं ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, त्याची फी काही बुडीत खात्यात जात नाही. खड्ड्यात मुरूम थराथरानं भरून, पाणी मारून धुमसायचा, वर सोलिंग, सळईची जाळी आणि एम-२५ मजबुतीचं काँक्रीट. पोर्चला गाडी धुण्यासाठी गेटकडे उतार दिलेला असतो. लिफ्टखालचा भाग मात्र सपाट हवा, लेव्हल पाइप लावून तपासलेला.

काँक्रीटला २८ दिवस द्या. अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीसच, फिटर कितीही घाई करो. हे काम मे महिन्यात काढू नका. पारा चाळिशीच्या पुढे, गोणपाट तासाभरात वाळतंय आणि टँकरचं पाणी विकत घेऊन क्युरिंग करायचं, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायचं, हा उद्योग मी शेजाऱ्यांकडे बघितलाय. दिवाळी झाल्यावर सुरू केलं तर जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत पाया तयार होतो.

डोक्यावरचा स्लॅब

टेप घ्या आणि फरशीपासून स्लॅबपर्यंत नव्हे, फरशीपासून सगळ्यात खाली आलेल्या वस्तूपर्यंत मोजा. बीम, पंखा, ट्यूबलाइट, शटरचा ड्रम, पाण्याचा पाइप यांपैकी जे सगळ्यात खाली असेल ते तुमचं छत.

हिशोब सोपा आहे. दहा फुटी स्लॅब म्हणजे ३.०५ मीटर. मारुती स्विफ्टची उंची सुमारे १.५३ मीटर. वजाबाकी करून वर दहा-बारा सेंटिमीटर मोकळे सोडले की गाडी १.४ मीटर उचलता येते. तिचं पोट जमिनीपासून साधारण १.५५ मीटरवर येतं. साडेपाच फुटी माणसाला जरा मान वाकवून काम करता येईल. पण मध्ये बीम असेल आणि तो २.७ मीटरवर आला असेल, तर हीच स्विफ्ट जेमतेम एक मीटर वर जाईल. बोलेरो १.८८ मीटर उंच आहे. दहा फुटी छताखाली तीही तेवढीच, एक मीटर. म्हणजे छोट्या स्टुलावर बसून काम. ते काही वाईट नाही, मी तसंच करतो.

ताठ उभं राहायचं असेल तर स्विफ्टसाठी साडेदहा फूट आणि बोलेरोसाठी बारा फूट मोकळी उंची धरा. एकावर एक दोन गाड्या लावायच्या असतील तर दोन स्विफ्टची उंची, मधला प्लॅटफॉर्म आणि मोकळी जागा मिळून ३.४ मीटरच्या आसपास जातं, म्हणजे अकरा फुटांच्या वर. फ्लॅटच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये यातलं काहीच बसत नाही, आणि बसलं तरी सोसायटीची परवानगी ही वेगळी लढाई. एक गोष्ट सगळे विसरतात: गाडी वर असताना डिकी किंवा बॉनेट उघडलं तर ते टपाच्याही वर जातं. पहिला पोचा तिथेच पडतो.

अंगणात पत्र्याचं उंच शेड मारू असं वाटेल. साइड मार्जिनमध्ये, म्हणजे घराच्या बाजूला सोडलेल्या मोकळ्या जागेत, शेड मारायच्या आधी महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात विचारा. आणि पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये सकाळी दहानंतर थांबवत नाही, हेही लक्षात असू द्या.

कोणती घ्यायची?

मोटारीची हायड्रॉलिक लिफ्ट अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये पीटर लुनाटी या मेकॅनिकनं १९२५ साली केली. कल्पना सुचली न्हाव्याच्या वर-खाली होणाऱ्या खुर्चीवरून. ती एका जाड खांबाची होती. आज घरगुती वापरासाठी तीन प्रकार विचारात घेण्यासारखे आहेत.

दोन खांबांची लिफ्ट गाडीला चॅसिसखाली धरते. चारही चाकं लोंबतात, खालचा सगळा भाग मोकळा मिळतो. मनापासून काम करणाऱ्याला हीच आवडते. पण तिला रुंदी साडेतीन मीटरच्या आसपास लागते, शिवाय खांबांच्या बाहेर वावरायला जागा. खांबच पावणेतीन मीटरच्या पुढे असतात. काही मॉडेलमध्ये दोन्ही खांबांना जोडणारी आडवी पट्टी वरून जाते आणि त्यांची उंची साडेतीन मीटरच्या पुढे. घरासाठी खालून पट्टी गेलेलं मॉडेल बघावं. ती पट्टी फरशीवर उंचवट्यासारखी येते, त्यावरून ट्रॉली ढकलताना वैताग होतो, पण छत वाचतं.

चार खांबांच्या लिफ्टवर गाडी चाकांवरच उभी राहते. गाडी साठवायला, खाली दुसरी लावायला उत्तम. ब्रेकचं काम करायचं तर चाकं उचलायला प्लॅटफॉर्मवर वेगळा सरकता जॅक लागतो, तो किमतीत धरला आहे का ते विचारा. वरच्या गाडीखाली ट्रे ठेवा, नाहीतर तिचं तेल खालच्या गाडीच्या काचेवर.

तिसरी कात्री लिफ्ट. हिची मध्यम उंचीची जात गाडी साधारण एक ते सव्वा मीटर उचलते. बंद केली की दहा-अकरा सेंटिमीटर जाडीचा चौथरा उरतो, त्यावरून गाडी जाते. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतचं अंतर, १६३ मिलिमीटर आहे, म्हणजे अडचण नाही. काही मॉडेल चाकांवर सरकवून बाजूला ठेवता येतात. तोटा एकच, पण मोठा: गाडीचा मधला भाग झाकला जातो, त्यामुळे सायलेन्सरचं मधलं काम नीट करता येत नाही. तेल, ब्रेक, टायर, सस्पेन्शन मात्र व्यवस्थित होतं.

माझं मत विचाराल तर सोलापुरातल्या दहा फुटी पोर्चच्या घराला मध्यम उंचीची कात्री लिफ्ट घ्यावी. मी शेवटी तीच घेतली, हौदापासून चार फूट लांब. निळी दोन खांबांची अजून अधूनमधून स्वप्नात येते.

क्षमता बघताना गाडीच्या वजनावर थांबू नका. हॅचबॅक टनाच्या आतबाहेर, बोलेरो किंवा इनोव्हा दीड टनाच्या वर. तरी तीन टनी लिफ्ट घ्या, कारण वजन चारही बाजूंना सारखं पडत नाही. बहुतेक छोट्या गाड्यांचं इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे असतो, त्यामुळे लिफ्टचे गाडीखाली टेकणारे पुढचे पॅड जास्त भार घेतात. सीएनजीची टाकी डिकीत असेल तर मागचं वजन वाढतं. लिफ्टवर क्षमतेची कोरलेली पट्टी नसेल तर ती लिफ्ट नकोच. युरोपातल्या ईएन १४९३ मानकाप्रमाणे तपासल्याचं प्रमाणपत्र असेल तर चांगलं.

कोटेशन मागताना वाहतूक, गाडीतून उतरवणं, बसवणूक आणि जीएसटी वेगळे लिहून घ्या, कारण 'सगळं त्यात आलं' या वाक्यात नंतर काहीच आलेलं नसतं. गॅरेजच्या यंत्रसामग्रीचे मोठे उत्पादक कोइम्बतूरला आहेत. सिलिंडरचं सील गेलं तर माणूस कुठून येणार, पुण्याहून की हैदराबादहून, आणि किती दिवसांत, हे खरेदीआधी विचारा. जुनी लिफ्ट स्वस्तात मिळते खरी, पण खांबांवर वेल्डिंगची डागडुजी दिसली की चहा घेऊन परत या.

वीज

घरगुती लिफ्टच्या पॉवर पॅकला (मोटर, पंप आणि तेलाची टाकी मिळून) साधारण २.२ किलोवॅटची, म्हणजे तीन हॉर्सपॉवरची मोटर असते. सिंगल फेजवर ती १२ ते १५ अँपिअर ओढते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कैक पट. एसीच्या सॉकेटमधून ती चालवू नका. मीटरपासून स्वतंत्र तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा) आणि नीट अर्थिंग घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन इतकी कोरडी पडते की अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं. थ्री-फेज मीटर असेल तर ४१५ व्होल्टची मोटर जास्त सुखाची. सोलापुरात या बाबतीत आपण नशीबवान. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत यंत्रमागांच्या मोटरी जोडून हात बसलेले वायरमन इथे हवे तेवढे मिळतात.

महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यायचा असेल तर तो लिफ्ट येण्याआधी. आणि घरगुती मीटरवर लोकांच्या गाड्या पैसे घेऊन दुरुस्त करू नका, त्याला वेगळा दर लागतो.

पहिल्यांदा गाडी चढवताना

पहिली गाडी सगळ्यात हलकी घ्या. गाडीच्या पुस्तिकेत जॅक लावण्याच्या चार जागा दाखवलेल्या असतात, त्या वाचून खडूनं खुणा करा. छोट्या गाड्यांना वेगळी चॅसिस नसते. दाराखालच्या पट्टीवर दोन खाचांमधला मजबूत केलेला तुकडा हीच धरायची जागा. पॅड दोन बोटं इकडेतिकडे गेला तर पत्रा आत जातो. बोलेरोसारख्या गाडीला शिडीसारखी चॅसिस असते, तिच्या लांब दांड्यांखाली पॅड लावायचे. ब्रेकची नळी किंवा वायर मध्ये चेपत नाही ना, ते वाकून बघायचं.

डिकीतलं सामान काढा. गाडीत कुणी बसलेलं नको. मग चाकं जमिनीपासून वीतभर सुटेपर्यंत उचला आणि थांबा. बंपरला धरून गाडी हलवा. बेताच्या धक्क्यानं गाडी पॅडवर सरकायला नको. सरकली तर खाली घ्या आणि पॅड पुन्हा लावा. दुसऱ्या प्रयत्नातही समाधान झालं नाही तर तिसरा करा, कुणी घड्याळ लावलेलं नाही.

मग हव्या त्या उंचीपर्यंत न्या. वर जाताना कट्-कट् असा आवाज येतो, तो लॉकच्या दातांचा. हवी ती उंची आली की थोडं खाली सोडून गाडी लॉकवर टेकवा. गाडीखाली जायचं ते यानंतरच. हायड्रॉलिक तेल गाडी उचलतं, पण तिला तासन् तास धरून ठेवायचं काम लोखंडी लॉकचं आहे. सील गळलं, नळी फुटली तरी लॉकवर टेकलेली गाडी जागची हलत नाही. दोन्ही बाजूंचे लॉक एकाच दातावर आहेत ना, हे रोज डोळ्यांनी बघा, नुसत्या आवाजावर जाऊ नका.

गिअरबॉक्स किंवा इंजिनसारखा जड भाग उतरवायचा असेल तर आधी दुसऱ्या टोकाला उंच स्टँड लावा, नाहीतर तोल एकदम बदलतो. अडकलेला बोल्ट लांब पान्ह्यानं ओढताना गाडीही ओढली जाते. माझा मेहुणा असाच एका बोल्टला लोंबकळला होता, त्याला मी अक्षरशः कॉलर धरून खाली घेतलं.

उतरवताना खाली हत्यारं, पान्हे, तेलाचा ट्रे, मांजर आणि नातवंडं नाहीत ना ते बघा, मग दोन्ही लॉक सोडा आणि सावकाश खाली या. जुनं तेल गटारीत ओतायचं नाही. कॅनमध्ये साठवून वापरलेलं तेल घेणाऱ्या अधिकृत माणसाला द्या.

देखभाल

पायातल्या बोल्टचे टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, आठवड्यानंतर आणि महिन्यानंतर पुन्हा तपासा, कारण नवं काँक्रीट थोडं बसतं. चार खांबांच्या लिफ्टला लोखंडी दोर असतात. त्यांच्यावरून कापडाचा बोळा फिरवा, धागा अडकला तर तिथली तार तुटलेली आहे. उघड्या हातानं हे करू नका. तेलाची पातळी लिफ्ट पूर्ण खाली असताना बघा. तेलाचा ग्रेड पुस्तिकेत असेल तोच. ३२ आणि ४६ असे दोन्ही चालतात असं लिहिलं असेल तर आपल्या उन्हाळ्यासाठी जास्त दाट, म्हणजे ४६ घ्या. वळवाच्या आधी जी धूळ उठते ती सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर बसते आणि सील कापते. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्यानं पुसून काढा. उंदरांचंही बघा, आमच्याकडे त्यांनी स्विचची वायर कुरतडली होती.

वीज गेली आणि गाडी वर

हे होणारच. मे महिन्याची दुपार, चाकं काढलेली, आणि पंखा थांबतो. गाडी लॉकवर टेकलेली असेल तर घाबरायचं कारण नाही, ती रात्रभरही तशी राहील. अडचण वेगळीच आहे. लॉकवरून खाली यायचं तर आधी गाडी थोडी वर उचलावी लागते, आणि उचलायला वीज लागते. घरचा साधा इन्व्हर्टर ही मोटर ओढत नाही. काही पॉवर पॅकला हातपंप असतो. त्यानं दहा-वीस दांडे मारले की गाडी बोटभर वर येते आणि लॉक सुटतात. कात्री लिफ्ट घेताना मी हा पंप आहे का एवढंच तीनदा विचारलं. पंप नसेल तर लॉकच्या खटक्यात पहार घालून गाडी सोडवायचा खटाटोप करू नका. चाकं परत लावून ठेवा, गॅरेजच्या दाराला कुलूप घाला आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायला रिक्षा सांगून ठेवा.